वादळाचा दोर

नगरपालिकेची रिक्षा सकाळी बाजारातून फिरली आणि तिच्या टपावरच्या भोंग्याने टाळेबंदीत उघडी राहायच्या दुकानांची यादी दुधापासून सुरू केली. दूध, औषधं, किराणा, भाजी, मासळी, मटण, बेकरी, फरसाण, मिठाई. लग्नघरात आहेर वाचतात तशी एकेक नावं येत होती आणि गल्ली कान देऊन ऐकत होती. हमिदाही ऐकत होती, आपल्या दुकानाच्या बंद फळ्यांमागे उभी राहून. रिक्षा वळली, भोंगा बारीक होत समुद्राच्या अंगाला गेला. दोराचं नाव काही आलं नाही.

"इला काय गो नाव?" आतल्या खोलीतून युसूफने विचारलं.

"नाय."

"पयलाच सांगल्यानी आसतला. तुका आयकाक इला नसतला."

"पयलां दूध होतां. दोर कोण पिता?"

तो हसला, आणि हसता हसता खोकला. हमिदा होती तिथेच थांबली. खोकला आला तसा गेला. मग ती हलली.

समोर लवूच्या दुकानाचं दार थाटात उघडलं. लवू खाजा विकायचा. गुळाचा, आल्याचा, दात परीक्षेला बसवणारा खाजा. जत्रा बंद, बोटी बंद, पर्यटक बंद, गिऱ्हाईक म्हणून माशी फिरकत नव्हती. पण मिठाई यादीत होती.

"भाभी, आयकलास मां?" मास्क हनुवटीवर ओढून तो ओरडला. "माझो खाजो अत्यावश्यक! माणूस खाज्याबिगर जगाचो नाय म्हणान सरकारान सांगल्यान!"

"मगे बस खात. दातांचो डॉक्टर पण यादीत आसा."

"आणि तुमच्या दोराचा काय?"

"माझो दोर निजलोसा. तेका उठवू नको."

लवूला वाटलं भाभी रागावली. पण हमिदाला राग नव्हता. खरं सांगायचं तर दोराचं नाव आलं नाही की तिच्या जिवाला थंडावा वाटायचा. युसूफ ओरोसच्या इस्पितळातून घरी येऊन फार दिवस झाले नव्हते. तो गेला तेव्हा माडासारखा होता, आला तेव्हा माडाच्या सावलीसारखा. भिंत धरून चालायचा, न्हाणीपर्यंत जाऊन आला की दम खायचा. डॉक्टरने सांगितलं होतं, माणसं जवळ येऊ देऊ नका. आणि दुकान म्हणजे तर माणसंच. फळ्या बंद असल्या की दुखणं बाहेर आणि नवरा आत, एवढं साधं गणित तिने मांडलं होतं.

मध्ये एकदाच ती चुकली. कोणाच्या तरी विहिरीचा राजू, म्हणजे पाणी शेंदायचा दोर, तुटला, बाई रडवेली होऊन आली, आणि हमिदाने एक फळी सरकवली. तेवढ्यात चंदन हवालदार गल्लीच्या तोंडाशी उभा. पोरगा कुडाळकडच्या भातशेतीच्या गावातला, नवीन नोकरी, नवीन काठी. त्याने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी सील लागेल. पावसाळा संपेपर्यंत उघडणार नाही." त्या दिवसापासून फळ्यांवर बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली हमिदाच्या कमरेला.

फळ्यांमागे पडवीभर दोर होता. काथ्याचा, सोनेरी, तपकिरी, करंगळीएवढा बारीक आणि मनगटाएवढा जाड. विहिरीचा राजू, गुराचं दावं, पाळण्याची दोरी, होडीचा दोर. हमिदाची सासू मागल्या अंगणात सुंभ वळता वळता म्हणायची,

काथ्याचा माझा दोर, माडाच्या पोटीचा
होडीबाईला गो माझ्या, बंधू पाठीचा

आणि हा बंधू मापायचा तो वावाने. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. गिऱ्हाईक हटकून म्हणायचं, "युसूफभाय, तुमीच मापा. भाभीचो वाव आखूड." युसूफ छाती काढून हात पसरायचा, आणि दुकान एकदम लहान दिसायचं.

आता ते हात पांघरुणावर पडलेले असायचे.

दुपारी तीच रिक्षा परत आली. तोच भोंगा, तोच आवाज, पण आता त्याची लय मोडली होती. समुद्रात वादळ आहे. उद्यापर्यंत किनाऱ्याला लागेल. कोणीही पाण्यात जाऊ नये. सर्व होड्या वर ओढून घट्ट बांधून ठेवाव्यात.

रिक्षा गेली. मग लवूचा आवाज आला, "सकाळी सांगतत दोराचा दुकान बंद. दुपारी सांगतत होडी बांधा. कित्यान बांधू? खाज्यान?"

कोणी हसलं नाही.

थोड्या वेळाने मागीलदारी कोणीतरी खाकरलं. आमच्याकडे घराला पुढचं दार असतं ते पाहुण्यांचं, आणि मागीलदार असतं ते शेजाऱ्यांचं. हमिदा बाहेर आली. मागच्या दगडी गडग्यापलीकडे गुरुदास उभा होता, तोंडावर पंचा गुंडाळून. किनाऱ्यावर घर, एकच होडी, आणि त्या होडीवर सगळं घर. युसूफ ओरोसला होता तेव्हा गुरुदासची बायको मथुरा याच गडग्यावर मासळीची पिशवी अडकवून जायची. हाक मारायची नाही, पिशवी दिसायची.

"भाय कसो आसा?"

"बरो आसा."

"भाभी, दोर व्हयो होतो." तो पायाकडे बघत म्हणाला. "माझो नायलॉनचो आसा तो उन्हान खाल्लो. हातात घेतलो तर पीठ होता. होडी वर ओढलंय, पण बांधल्याबिगर रवाची नाय."

हमिदाने कमरेची किल्ली मुठीत धरली.

"गुरुदास, दुकान बंद आसा रे. तो पोलीस सांगान गेलोसा. आता उघडलंय तर सील करतले. आणि तू एकटो येवचस नाय. तुझ्या मागसून सगळो किनारो येतलो. ह्येंका आत्ता खंय श्वास गावलोसा..."

तिची नजर युसूफच्या खिडकीकडे गेली.

गुरुदासने हुज्जत घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं. "बरोबर आसा तुमचा," एवढं म्हणून तो गेला. हमिदा घरात आली तेव्हा युसूफ उठून बसला होता. त्याच्या खोलीची खिडकी मागीलदारीच उघडायची.

"परत धाडलंस?"

"मगे काय करू? दुकान उघडू? पावसाळाभर सील लागात. खातलास काय?"

"दुकान कोणी उघडूक सांगल्यान तुका?" तो थांबत थांबत बोलत होता. "बापाशीची रीत इसारलंस? वादळ येवचा आसला काय बापूस दुकान बंद करी होतो. पयलां फळ्यो लावी, मगे मागल्या दारान दोर भायर काढी. वादळाचो दोर इकूचो नसता. मापूचो पण नसता. होडयेक लागात तितको न्हेवचो, आणि वादळ गेला काय आणून देवचो."

हमिदाला आठवलं. ती नवी नवरी होती तेव्हाचं एक वादळ, सासरे मागल्या दारात उभे, आणि माणसं दोर खांद्यावर टाकून पळतायत. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारा लुटला जातोय आणि हसतोय काय!

"आणि माणसां? माणसां येतली त्येचा काय?"

"माझा दार लाव. माणसां गडग्याभायर. तू दोर गडग्यार टाकूचो आणि मागे सरूचा. मी खिडकेतसून बघतंय." मग खालच्या आवाजात म्हणाला, "हमिदा, मी वाचलंय. होडी गेली तर तो कसो वाचतलो?"

तिने त्याचं दार ओढून घेतलं. मास्क चढवला, त्यावर ओढणी घट्ट बांधली. मथुराला फोन लावला.

"मथुरा, घोवाक सांग तुझ्या, दोर न्हे म्हणान. मागल्या दारान. आणि तोंड बांधून."

पडवीतून दोराची भेंडोळी ओढत तिने मागीलदारी आणली. इतके दिवस न हललेला दोर जड झाला होता. काथ्याचा कोरडा, गोडसर वास घरभर झाला. पहिलं भेंडोळं गडग्यावर पडतं न पडतं तोच गुरुदास धावत आला. हमिदाने सगळ्यात जाड दोर त्याच्यापुढे लोटला आणि मागे सरली.

"किती न्हेव?"

"होडी सांगात तितको."

आणि मग तिने म्हटलं होतं तसंच झालं. सगळा किनारा आला. मुकाट, तोंडं बांधून, कोयते घेऊन. कोणी बारीक दोर नेला, कोणी जाड. लवूही आला, त्याच्या मेहुण्याची होडी होती. हमिदा आणून टाकत होती, मागे सरत होती. घामाने मास्क तोंडाला चिकटला होता. वारा अजून पडलेला, आभाळ मात्र जुन्या तांब्यासारखं.

"दुकान कोणी उघडलं?"

चंदन गडग्याच्या कोपऱ्यावर उभा होता. कोयते थांबले.

हमिदाचं मालवणी एकदम आत गेलं आणि शाळेतलं मराठी बाहेर आलं. "दुकान बंद आहे साहेब. पुढे जाऊन कुलूप बघा."

"बघूनच आलोय. मग हे काय आहे?"

"हे मागीलदार आहे. हे घर आहे."

"घरातून विक्री चालू आहे."

"विक्री नाही. वादळाचा दोर विकत नाहीत. घेऊन जातात, वादळ गेलं की आणून देतात."

"असं कोणी सांगितलं?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"कुठे आहेत ते? बोलवा त्यांना."

"कब्रस्तानात आहेत, साहेब."

मास्कच्या आत लवूला हसू आलं, ते त्याने खोकला म्हणून काढलं, आणि सगळी माणसं त्याच्यापासून चार पावलं लांब पळाली. चंदनचाही चेहरा सैल होता होता राहिला.

"आणि कोणी आणून दिला नाही तर?"

खिडकीतून आवाज आला, बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तर समजाचा, तेची होडी गेली. मगे दोर मागूक कोण जाता?"

चंदनने खिडकीकडे पाहिलं. गजांमागे युसूफचा चेहरा होता, गालफडं बसलेला. चंदनने त्याला ओळखलं असावं; गल्लीत रुग्णवाहिका आली त्या दिवशी दोरी लावून रस्ता अडवणारा तोच होता. तो काही वेळ काठी पायावर आपटत राहिला. मग आभाळाकडे बघून म्हणाला, "लांब लांब उभे राहा. असे चिकटू नका. सहा फूट अंतर."

"सहा फूट म्हंजे किती?" कोणीतरी विचारलं.

"एक वाव," खिडकी म्हणाली.

झालं. सगळ्यांनी हात पसरले. बोटांना बोटं लागू नयेत अशा बेताने सरकत, गडग्याच्या कडेने माणसांची एक लांब ओळ झाली, खडकावर पंख वाळवत बसणाऱ्या पाणकावळ्यांसारखी.

"मी ठाण्यात सांगणार आहे," तो हमिदाला म्हणाला. "माणसं होती हे सांगणार. आणि दुकान बंद होतं हेही सांगणार." पुढे जाऊन त्याने गडग्यावर अडकलेल्या दोराचं एक टोक मोकळं करून दिलं आणि तो निघून गेला.

अंधारायच्या आधी पडवी रिकामी झाली. सासऱ्यांच्या वेळेपासून तिथे कधी जमीन दिसली नव्हती, ती आता दिसत होती.

वादळ दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडीच आलं. आधी माडांनी माना हलवल्या, मग कंबर, मग ते मुळापासून बोलायला लागले. कौलं उडून अंगणात फुटत होती. वीज गेली, फोन गेला, समोरचं लवूचं घर पावसाच्या पडद्यामागे गेलं. हमिदा युसूफच्या दाराशी पाट टाकून बसली होती, पडवीत गळणाऱ्या पाण्याखाली भांडी लावत आणि प्रत्येक आवाजाला कलमा म्हणत.

"काय पण बघ," युसूफ आतून म्हणाला. "इतको वारो भायर फुकट, आणि माका ओरोसाक नळयेतसून दिल्यानी."

"गप रवा! आत्ता मस्करी सुचता?"

पण ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि अशा वेळी.

सकाळी सगळं धुऊन काढल्यासारखं होतं. गल्लीत झावळ्या, पत्रे, कोणाची तरी बादली. हमिदा मागीलदारी आली आणि बघते तर गडग्यावर दोर. ओला, वाळूने माखलेला, खाऱ्या वासाचा. शेजारी वाऱ्याने पाडलेले दोन शहाळी. ती बघत असतानाच पलीकडून आणखी एक दोर आला, वर नारळ. "रवली गो भाभी होडी!" एवढंच ओरडून माणूस गेलासुद्धा. मग येतच राहिले. कोणाचा दोर अर्धा झिजला होता, कोणाची होडी उलटी झाली होती पण जागेवर होती. लवूच्या मेहुण्याच्या होडीचा कठडा फुटला होता. "फुटलो तर फुटलो," लवू म्हणाला, "होडी गोव्याक गेली नाय ह्या काय कमी?" दोर, नारळ, दोर, नारळ. गडगा भरून गेला.

"दुकान बंद आसताना इतको धंदो कधी झालो नाय," युसूफ खिडकीतून म्हणाला.

हमिदा मात्र दोर ओळखत होती. सगळे आले. सगळ्यात जाड तो आला नव्हता.

दुपार व्हायला आली. फोन लागत नव्हता. युसूफचंच वाक्य त्या दोघांच्या मध्ये येऊन बसलं होतं. आणून दिला नाही तर समजाचं. मागायला जायचं नाही. रीत तशी होती.

"मी जातंय," हमिदा म्हणाली.

"दोर मागूक?"

"दोर गेलो खड्ड्यात. गुरुदासाक बघूक."

युसूफ खिडकीपासून सरकून अंथरुणावर बसला. मग म्हणाला, "जा. मी निजतंय. माझी काळजी करू नको."

युसूफ घरी आल्यापासून ती गल्लीबाहेर पडली नव्हती. रस्त्यावर आडवे माड ओलांडत, तारांना बगल देत ती निघाली. चालताना मनात एकच घोकत होती, मी त्याला परत धाडलं होतं. त्या थोड्या वेळात त्याने काय काय ओढलं असतं, कुठे कुठे गाठ मारली असती. तो वेळ मी खाल्ला. किनाऱ्याची वाळू पायाला लागली तशी ती होड्या बघत चालली. समुद्र गढूळ, अजून फणफणत होता. वाळूवर फळकुटं, थर्माकोल, तुटकी जाळी. पहिली होडी दिसली, ती त्याची नव्हती. दुसरी, तीही नव्हती.

सुरूच्या झाडांपाशी गुरुदास बसला होता. पाठमोरा, गुडघ्यांत डोकं घालून.

हमिदा तशीच पुढे गेली. आणि मग सुरूच्या खोडाआडून नाक दिसलं, निळं, वर पांढरा पट्टा. होडीचं नाक. मग सगळी होडी. वाळूत कलंडलेली, पाण्याने अर्धी भरलेली, पण अख्खी. तिच्या नाकापासून झाडाच्या बुंध्यापर्यंत तो दोर होता, ताठ, आणि बुंध्यावर बसलेली गाठ नारळाएवढी फुगलेली.

"गुरुदास!"

तो दचकून उठला. झोपलाच होता. "भाभी? तुमी हय? भाय बरो मां?"

"बरो आसा. तू... दोर इलो नाय म्हणान..." तिने होडीच्या नाकावर हात ठेवला. मास्कच्या आत तिला हुंदका आला, की हसू, तिचं तिलाच कळेना.

"दोर सुटना नाय," गुरुदास ओशाळून म्हणाला. "पाण्यान गाठ फुगली. सकाळधरना नखां मोडली माझी. मथुरा पण दमान घराक गेली."

"कोयतो घालूचो मरे! एका दोरासाठी जीव काढलंस माझो!"

"ज्यान काल दिसभर होडी धरल्यान तेका कोयतो घालू?" त्याने गाठीवर हात ठेवला. "आणि सगळो आणून देवक सांगलास ना तुमी. ऊन पडता आसा. सुकात तेवा सुटात."

खरंच ऊन पडत होतं. ढग फाटून त्याचा एक तुकडा वाळूवर, एक पाण्यावर. घरी युसूफ झोपला असेल. झोपू दे. हमिदाने मासळीची एक उलटी पाटी ओढली आणि वावभर लांब बसली. मास्क खाली घेऊन तिने वारा छातीभर घेतला, मग पुन्हा वर केला. सुरूतून पाणी ठिबकत होतं.

बऱ्याच वेळाने ती उठली, बुंध्यापाशी गेली आणि गाठ अंगठ्याने दाबून पाहिली. पिळातून अजून खारं पाणी आलं.

"अजून नाय," ती म्हणाली, आणि परत येऊन बसली.